रान जाणणारा आणि यंत्र जाणणारा

नवा व्यवसाय सुरू करू पाहणारा उद्योजक भांडवल, जागा आणि बाजारपेठ यांचा विचार प्रथम करतो. भागीदाराचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, आणि तोही घाईघाईने केला जातो. वस्तुतः पुष्कळसे छोटे उद्योग पैशाअभावी नव्हे, तर भागीदारांच्या बेबनावामुळे बंद पडतात, हा व्यवहारातला जुना अनुभव आहे. संगणक आणि मोबाइल यांच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या आजच्या स्टार्टअपांना तर हा प्रश्न अधिकच जवळून भेडसावतो. कल्पना एकाची असते आणि ती यंत्रात उतरवण्याचे कौशल्य दुसऱ्याकडे असते. अशा दुसऱ्या व्यक्तीला अलीकडे ‘तंत्रज्ञ सहसंस्थापक’ म्हटले जाते.

राजस्थानची राजधानी जयपूर येथे मुलांना निसर्गाचे शिक्षण देणारा उद्योग सुरू करू इच्छिणारी व्यक्ती डोळ्यांपुढे आणावी. तिला झाडे ओळखता येतात, पक्ष्यांचे आवाज कळतात, मुलांशी बोलता येते. पण संगणकाचा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. ‘तंत्रज्ञ सहसंस्थापक हवा’ अशी हाक तिने दिली, तर तिला नेमके कोण हवे असते? आपले अ‍ॅप बनवून देणारा कारागीर, की आपल्या कामाचा बरोबरीचा धनी? या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध ठेवून पुढे जाणे हेच अशा उद्योगांच्या अपयशाचे एक मोठे कारण ठरते. म्हणून त्याचा विचार पहिला पैसा खर्च होण्यापूर्वी व्हावयास हवा.

भिंतीबाहेरची शाळा

जयपूर हे नाव घेताच राजवाडे, हवामहल आणि गुलाबी रंगाच्या पेठा आठवतात. तथापि हे शहर अरवलीच्या कुशीत वसले आहे, ही गोष्ट निसर्गशिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होय. शहराला लागूनच झालानाचे जंगल आहे. सुमारे २० चौरस किलोमीटरच्या या परिसरात बिबटे मोकळेपणी राहतात आणि ते पाहण्यासाठी पर्यटक वनखात्याच्या परवानगीने जातात. मुंबईकरांना बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानामुळे शहर आणि बिबट्या यांचा शेजार परिचित आहे. जयपूरकरांचा अनुभवही त्याच जातीचा आहे. नाहरगडच्या पायथ्याशी किशनबाग येथे वाळूच्या टेकड्या आणि वाळवंटी वनस्पती जपणारे उद्यान २०२१ च्या अखेरीस खुले झाले. जलमहालाभोवतीच्या मानसागर तलावावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात. खेजडी, रोहिडा, धोक यांसारखी कोरड्या प्रदेशातली झाडे शाळेच्या सहलीच्या अंतरावर पाहता येतात.

इतिहासाचा आधारही येथे बळकट आहे. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० साली खेजडीची झाडे वाचवण्यासाठी अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, ही कथा राजस्थानातील मुलांना ठाऊक असते. परंतु खेजडीचे पान कसे असते, तिला शेंगा कधी येतात, हे त्याच मुलांना विचारले तर उत्तर मिळेलच असे नाही. कथा पाठ असणे आणि झाड ओळखणे यांमधले हे अंतर मिटवणे, हेच निसर्गशिक्षणाचे काम.

या कामाला कायद्याचे आणि धोरणाचेही पाठबळ आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निर्णयामुळे पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याची दिशा ठरली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १० दिवसांचा दप्तरविरहित काळ सुचवला आहे. पुस्तकातला धडा शाळा शिकवू शकते; पण मुलांना सुरक्षितपणे बाहेर नेणे, पाहिलेले नोंदवून घेणे आणि त्याचा पाठपुरावा करणे यासाठी शाळांना बाहेरच्या मदतीची गरज पडते. तेथे अशा उद्योगाला वाव आहे.

यंत्राकडून नेमके काय हवे?

या टप्प्यावर बहुतेक उत्साही उद्योजक एक उडी घेतात. मुले मोबाइल पाहतात, म्हणून निसर्ग मोबाइलवर आणावा, असा सरळ हिशेब मांडला जातो. हा हिशेब तपासून घ्यावयास हवा. मुलाला पडद्यावरून उठवून झाडाखाली न्यावयाचे असेल, तर झाडाखाली पुन्हा पडदाच त्याच्या हाती देणे कितपत शहाणपणाचे? मुलाच्या हाती वही आणि शिक्षकाच्या हाती यंत्र, ही विभागणी अधिक योग्य वाटते.

आपल्या देशातच याचे चांगले उदाहरण आहे. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुले एखादे झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुले व फळे यांची नोंद करतात. केरळातील शाळांनी त्यात मोठा सहभाग घेतला. येथे मुलाचे खरे काम झाडाकडे पाहणे हे आहे. संगणक त्या नोंदी एकत्र करतो, जपतो आणि वर्षानुवर्षांची तुलना शक्य करतो. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सायकलरिक्षा चालवणारे स्थानिक लोक पर्यटकांना पक्षी दाखवतात आणि त्यांची नावे सांगतात. त्यांना प्रशिक्षण मिळाले आणि त्यांचे डोळे हेच त्यांचे साधन झाले. निसर्गशिक्षणाचा गाभा यंत्राशिवायही उभा राहू शकतो, हे त्यातून दिसते.

मग तंत्रज्ञ हवाच कशाला? तो हवा, कारण एका शिक्षकाचे काम ५० शाळांपर्यंत नेताना कागद अपुरा पडतो. कोणत्या शाळेची सहल कधी, वनखात्याची परवानगी आली की नाही, कोणत्या मुलाला कसली अ‍ॅलर्जी आहे, कोणत्या वर्गाने गेल्या वर्षी काय पाहिले, मोबाइलचे जाळे नसलेल्या ठिकाणी केलेली नोंद नंतर कशी चढवायची, एकाच पक्ष्याची हिंदी, राजस्थानी आणि इंग्रजी नावे शिक्षकाला एकत्र कशी दाखवायची, ही सर्व कामे यंत्राची आहेत. ती दिसायला साधी, पण करायला चिकाटीची आहेत.

अमेरिकेतील ‘ई-बर्ड’चा इतिहास या संदर्भात बोलका आहे. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ साली पक्षीनिरीक्षणांच्या नोंदी गोळा करणारे हे संकेतस्थळ सुरू केले. शास्त्राला माहिती हवी आहे, तेव्हा लोकांनी ती द्यावी, अशी आरंभीची भूमिका होती. पहिल्या काही वर्षांत प्रतिसाद बेताचाच राहिला. पुढे अनुभवी पक्षीनिरीक्षकांकडे या कामाची सूत्रे दिली गेली आणि निरीक्षकाला स्वतःच्या याद्या ठेवता येतील, त्या इतरांच्या याद्यांशी ताडून पाहता येतील अशा सोयी झाल्या. तेव्हा नोंदींचा ओघ वाढला. यंत्र पूर्वीही होते. पक्षी पाहणाऱ्याच्या मनात काय असते, हे ओळखणारी माणसे त्या यंत्राजवळ आल्यावर ते चालू लागले.

नोकर, ठेकेदार की भागीदार?

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. एवढीशी कामे असतील, तर ती एखाद्या संगणक कंपनीकडून ठेक्याने करून घ्यावीत. त्यासाठी मालकीत वाटा कशाला द्यायचा? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्या उद्योगाला केवळ एक माहितीपर संकेतस्थळ आणि पैसे स्वीकारण्याची सोय हवी आहे, त्याने खुशाल ठेका द्यावा. तयार साधने स्वस्तात मिळत असताना त्यासाठी भागीदार शोधणे अनाठायी ठरेल.

परंतु ज्या उद्योगाचा सारा डोलारा नोंदींवर आणि त्यांच्या सातत्यावर उभा राहणार आहे, त्याचा हिशेब वेगळा आहे. उदाहरणादाखल काही आकडे धरून पाहू. ४० मुलांची एक सहल, प्रत्येकी ३०० रुपये शुल्क, म्हणजे जमा १२,००० रुपये. बसभाडे ५,०००, दोन मार्गदर्शकांचे ३,०००, वह्या, साहित्य, विमा आणि किरकोळ खर्च १,५०० रुपये. शिल्लक राहते २,५०० रुपये. जयपूरचा कडक उन्हाळा, परीक्षा आणि सुट्ट्या वगळून वर्षाचे आठ महिने कामाचे मानले आणि महिन्याला १२ सहली मिळाल्या, तर वर्षाअखेर २ लाख ४० हजार रुपये उरतील. त्यातून संस्थापकाचा चरितार्थही धड चालणार नाही. अनुभवी संगणक अभियंत्याचे पूर्णवेळ वेतन तर दूरच राहिले. ठेका द्यावा, तर पहिले बिल कसेबसे भागेल, पण मोबाइलची प्रणाली दरवर्षी बदलते, त्रुटी निघतात, शाळांच्या मागण्या बदलतात आणि प्रत्येक बदलाचे वेगळे बिल येते. शिवाय ठेकेदाराला सांगितलेले काम करायचे असते. ‘हे करूच नका, याची गरज नाही’, असे सांगण्यात त्याचा काहीच लाभ नसतो. आपल्या वाट्याची काळजी असलेला भागीदारच असे सांगू शकतो.

म्हणूनच या अवस्थेत तंत्रज्ञाला देण्याजोगी उद्योजकाकडे एकच वस्तू असते, ती म्हणजे उद्याच्या यशातला वाटा. तो देताना हात आखडता घेतला, तर येणारा माणूस नावापुरता सहसंस्थापक आणि प्रत्यक्षात बिनपगारी नोकर ठरतो. अशी व्यवस्था फार काळ टिकत नाही, आणि टिकू नये हेच न्याय्य होय.

प्रोग्रॅममध्ये दडलेले निर्णय

तंत्रज्ञ हा बरोबरीचा भागीदार का असावा, याचे दुसरे कारण पैशाहून मोठे आहे. निसर्गशिक्षणात तांत्रिक वाटणारे निर्णय बहुतेकदा निसर्गाविषयीचे आणि मुलांविषयीचे निर्णय असतात.

समजा, झालानाच्या सहलीत एका विद्यार्थ्याने बिबट्याच्या पिलांची जागा टिपली. अ‍ॅपने ती अचूक अक्षांश-रेखांशासह नकाशावर सर्वांना दाखवावी काय? तांत्रिकदृष्ट्या हे सहज शक्य आहे आणि दिसायलाही आकर्षक आहे. परंतु त्यामुळे त्या जागी गर्दी होईल, मादी बिथरेल, आणि शिकाऱ्याच्या हाती आयता पत्ता लागेल. ‘आयनॅचरलिस्ट’ या जागतिक व्यासपीठावर संकटग्रस्त प्रजातींच्या नोंदींची नेमकी जागा आपोआप अंधुक केली जाते. हा निर्णय प्रोग्रॅममध्ये उतरला, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जंगलाची जाण होती.

‘आयनॅचरलिस्ट’ची जडणघडणही पाहण्यासारखी आहे. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ते तयार केले. त्यांपैकी केन-इची उएडा यांनी पुढेही काम चालू ठेवले आणि २०११ साली स्कॉट लॉरी हे पर्यावरणशास्त्राचे अभ्यासक त्यांच्या जोडीला आले. आज या व्यासपीठावर २० कोटींहून अधिक नोंदी आहेत. येथे तंत्रज्ञ आधी होता आणि शास्त्रज्ञ मागाहून आला. पण तंत्रज्ञालाही निसर्गाची ओढ होती आणि शास्त्रज्ञालाही माहितीच्या साठ्याचे मोल कळत होते. दोघांच्या ज्ञानाचा काही भाग सामाईक असल्याखेरीज भागीदारीत संवाद होत नाही.

मुलांच्या बाबतीतही हेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. तिची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते, आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवणे किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. शैक्षणिक संस्थांसारख्या काही घटकांना नियमांत मर्यादित सवलती असल्या, तरी त्या आपल्याला लागू होतात किंवा कसे, हे तपासण्याची जबाबदारी उद्योजकावरच राहते. मुलाचे नाव, छायाचित्र आणि त्याचे ठिकाण या तीन गोष्टी एकत्र साठवणारे अ‍ॅप बेफिकिरीने लिहिले गेले, तर पालकांचा विश्वास एका दिवसात नाहीसा होईल. कोणती माहिती मुळातच घ्यायची नाही, हे ठरवताना शिक्षक आणि तंत्रज्ञ या दोघांचेही मत सारख्याच वजनाचे असले पाहिजे.

जयपूर फूटची शिकवण

एकाला विषयाचे ज्ञान आणि दुसऱ्याच्या हातात कसब, अशा जोडीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण खुद्द जयपूरनेच जगाला दिले आहे. सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या प्रयत्नांतून १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय साकार झाला. पाश्चात्त्य पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट घालावा लागे. त्यावर उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा ओल्या शेतात चालणे कठीण होते. रुग्णांची ही अडचण वैद्यक जाणणाऱ्यांना दिसत होती. ‘मास्टरजी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्मा यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते. पण रबर, लाकूड आणि धातू यांवर त्यांचा हात बसलेला होता. टायर दुरुस्त करणाऱ्यांकडचे व्हल्कनाइज्ड रबर पायासाठी वापरता येईल, ही सूझ कारागिराची. शरीराचा भार कसा पडतो आणि सांधा कसा वळतो, हे शास्त्र डॉक्टरांचे. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि हा पाय लाखो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचला.

या कथेला एक दुसरी बाजूही आहे. १९८१ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठी यांना मिळाला, आणि तो सर्वथा योग्यच होता. पण मास्टरजींचे नाव तुलनेने मागे राहिले. विषय जाणणाऱ्याचे नाव पुढे जाते आणि हाताने घडवणाऱ्याचे मागे पडते, ही आपल्या समाजाची जुनी सवय आहे. आजच्या स्टार्टअपमध्ये कधीकधी हा तराजू उलट झुकतो. गुंतवणूकदारांना तंत्रज्ञानाचे आकर्षण असल्याने वर्षानुवर्षे रानात हिंडून ज्ञान मिळवलेला शिक्षक ‘आशय पुरवणारा’ म्हणून दुय्यम ठरवला जातो. दोन्ही प्रकार सारखेच अन्यायाचे आहेत. श्रेय कसे वाटले जाईल, शाळांपुढे आणि वृत्तपत्रांपुढे कोण बोलेल, माहितीपत्रकावर कोणाची नावे असतील, हे प्रश्न क्षुल्लक मानू नयेत. भागीदारीला पहिला तडा पुष्कळदा तेथेच जातो.

शोध कोठे घ्यावा?

जयपुरात तंत्रज्ञांची वाण नाही. मालवीय राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था येथे आहे, राज्य शासनाचा ‘आय-स्टार्ट राजस्थान’ हा उपक्रम आहे, २०१८ साली सुरू झालेले भामाशाह टेक्नो हब आहे. तरीही तंत्रज्ञांच्या मेळाव्यात जाऊन निसर्गप्रेमी शोधण्यापेक्षा निसर्गप्रेमींच्या मेळाव्यात तंत्रज्ञ शोधणे अधिक फलदायी ठरावे. रविवारी पहाटे मानसागरच्या काठावर दुर्बीण घेऊन उभे राहणाऱ्यांत एखादा संगणक अभियंता असतोच. त्याला निसर्गाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. केवळ कामाचे स्वरूप समजावून द्यावे लागते.

असा माणूस भेटल्यावर लगेच करार करू नये. दोघांनी मिळून एखादे लहान, मुदतबंद काम करून पाहावे. जयपूरच्या मकरसंक्रांतीचेच उदाहरण घेता येईल. त्या दिवशी सारे शहर गच्चीवर पतंग उडवते आणि मांज्याने कापले गेलेले पक्षी उपचारकेंद्रांत आणले जातात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉन आणि कृत्रिम मांज्यावर बंदी घातली, तरी प्रश्न संपलेला नाही. पाच शाळांतील मुलांनी संक्रांतीच्या आठवड्यात आपल्या गल्लीतील जखमी पक्षी आणि झाडांवर अडकलेला मांजा यांची कागदी पत्रिकेवर नोंद करावी. शिक्षकाने ती तपासावी. तंत्रज्ञाने ती एकत्र करून फेब्रुवारीत त्याच मुलांना समजेल असा नकाशा परत द्यावा. एवढ्या कामातून दोघांचेही स्वभाव कळतात. वेळ कोण पाळतो, चूक झाली तर कोण सांगतो आणि कोण लपवतो, मुलांच्या प्रश्नांना कोण कंटाळतो, हे कोणत्याही मुलाखतीपेक्षा अशा कामातून अधिक स्पष्ट होते.

मैत्री कागदावर उतरावी

‘आम्ही मित्र आहोत, आम्हाला कागदाची गरज नाही’, हे वाक्य बँकेच्या शाखांमध्ये नवे नाही. कायदा मात्र कागद नसला तरी स्वस्थ बसत नाही. तो आपले नियम लागू करतो. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार वेगळा करार नसल्यास भागीदारांचा नफ्यातोट्यात समान वाटा असतो आणि व्यवसायाचे काम केल्याबद्दल भागीदाराला वेतन मागता येत नाही. एकाने १० लाख रुपये घातले आणि दुसऱ्याने केवळ श्रम दिले, तरी हाच नियम. पेढीच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. करारात वेगळी तरतूद नसेल, तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या अंमलबजावणीसाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. या अमर्याद जबाबदारीतून सुटका हवी असल्यास २००८ च्या अधिनियमाखाली मर्यादित दायित्व भागीदारी किंवा २०१३ च्या अधिनियमाखाली खासगी कंपनी हे मार्ग आहेत. कंपनीच्या संचालकांना वा कर्मचाऱ्यांना ज्ञान किंवा बौद्धिक संपदा यांच्या मोबदल्यात भाग देण्याची, म्हणजेच ‘स्वेट इक्विटी’ची, तरतूद कंपनी कायद्याच्या कलम ५४ मध्ये आहे.

आणखी एक बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक सामान्यतः नियोक्ता असतो. परंतु नोकरीवर नसलेल्या मित्राने लिहून दिलेल्या प्रोग्रॅमचे हक्क, लेखी हस्तांतर झाले नसल्यास, त्या मित्राकडेच राहू शकतात. हाच न्याय शिक्षकाने तयार केलेल्या पाठांना, चित्रांना आणि ध्वनिमुद्रणांनाही लागू होतो. दोघांनीही आपापली निर्मिती संस्थेच्या नावे लेखी करून द्यावी, म्हणजे उद्या दोघांपैकी कोणीही बाहेर पडले तरी शाळांचे काम थांबणार नाही.

वाटा एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्का व्हावा, आणि पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वी सोडून जाणाऱ्याला काही मिळू नये, अशी प्रथा स्टार्टअपांत रूढ आहे. ती दोघांनाही सारखीच लागू असावी. केवळ तंत्रज्ञाला बांधून ठेवणारी आणि मूळ संस्थापकाला मोकळी सोडणारी अट भागीदारीच्या तत्त्वाशी विसंगत होय. करारनामा सनदी लेखापाल आणि वकील यांच्याकडून तपासून घेण्याचा खर्च पुढील कज्ज्याच्या खर्चापुढे नगण्य असतो.

बँकेच्या दाराशी येताना

अशा उद्योगाकडे तारण ठेवण्याजोगी मालमत्ता बहुधा नसते. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ साली विनातारण १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी सुरू झाली. ‘तरुण’ गटातील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २०२४ साली २० लाखांवर नेण्यात आली. मान्यताप्राप्त स्टार्टअपांच्या कर्जांना पतहमी देणारी योजना २०२२ सालापासून अस्तित्वात आली. या योजनांचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु कर्ज घेताना काळाचे भान ठेवावे. शाळांकडून शुल्क सत्राअखेर येते आणि हप्ता मात्र दरमहा द्यावा लागतो. अ‍ॅप बनवण्यासाठी घेतलेले कर्ज अ‍ॅप तयार होण्यापूर्वीच फेडू लागावे लागते. ज्या सहलींतून दरमहा थोडी का होईना शिल्लक पडते, त्यांच्या खेळत्या भांडवलासाठी घेतलेले छोटे कर्ज फेडता येण्याजोगे असते; यशाची खात्री नसलेल्या तांत्रिक प्रयोगासाठी स्वतःची बचत, अनुदान वा गुंतवणूकदाराचा पैसा अधिक योग्य.

पहिल्या दिवसापासून उद्योगाचे चालू खाते वेगळे ठेवावे, ते दोघांच्या सहीने चालवावे, आणि संस्थापकाच्या घरखर्चाचे व्यवहार त्यात मिसळू नयेत. शाखाधिकारी प्रकल्प अहवाल वाचताना आकड्यांबरोबर माणसेही वाचत असतो. दोन्ही भागीदारांचा पतइतिहास, कामाची वाटणी, एक जण आजारी पडल्यास दुसरा किती काळ काम सांभाळू शकेल, या गोष्टींची उत्तरे दोघांकडूनही सारखीच आली, तर शाखाधिकाऱ्याचा विश्वास वाढतो. शाखेतील सहकाऱ्यांनीही अशा अर्जदाराला केवळ ‘तारण काय?’ एवढेच विचारून परत पाठवू नये. ‘तुमचा करारनामा झाला आहे काय?’ हा प्रश्न त्याच्या अधिक उपयोगी पडेल.

निसर्गाचे शिक्षण हा झटपट नफ्याचा धंदा नाही. खेजडीचे रोप लावणाऱ्याला तिची सावली लगेच मिळत नाही, हे राजस्थानातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलाने झालानातल्या धोकाच्या झाडाची नोंद सुरू केली, तर तिचे मोल ते मूल वीस वर्षांचे होईल तेव्हा कळू लागेल. तोवर ती नोंद जपणारे यंत्र चालू राहिले पाहिजे, ते चालवणारी संस्था टिकली पाहिजे, आणि त्यासाठी संस्थेतील दोन माणसे एकमेकांशी बोलती राहिली पाहिजेत. जयपुरात किंवा अन्यत्र असा सहकारी शोधणाऱ्याने ‘किती दिवसांत अ‍ॅप बनवाल?’ हा प्रश्न मागाहून विचारावा. ‘पुढल्या रविवारी पहाटे मुलांबरोबर झालानाला याल का?’ हे आधी विचारावे. जो येईल आणि दुसऱ्या रविवारीही न बोलावता हजर होईल, त्याच्याशी कराराची बोलणी सुरू करण्यास हरकत नाही.